पुलांची कंपने बिनतारी सेन्सरांनी कशी मोजावीत : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

५ जुलै १९८६ रोजी पणजी आणि पर्वरी यांना जोडणारा मांडवी नदीवरील पूल कोसळला आणि पुढे काही वर्षे पलीकडे जाण्यासाठी लोकांना पुन्हा फेरीबोटींवर अवलंबून राहावे लागले. २ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई-गोवा महामार्गावरचा महाडजवळील सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. १८ मे २०१७ रोजी सावर्डे-कुडचडे येथील पोर्तुगीजकालीन पदपूल, वापरासाठी बंद असतानाही त्यावर गर्दी जमल्याने, माणसांसह नदीत पडला. पहिल्या घटनेत आतल्या पोलादाला लागलेला गंज, दुसऱ्यात पुराचे पाणी आणि तिसऱ्यात जीर्ण सांगाड्यावर आलेला भार होता. पुलांवर सेन्सर बसवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ही तीन कारणे आरंभीच वेगवेगळी ओळखावीत, कारण कंपनमापनाला ती सारख्या स्पष्टपणे दिसत नाहीत.

हा लेख स्थापत्य किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेचे विद्यार्थी, तरुण अभियंते आणि हे काम प्रथमच हाती घेणारे शिक्षक यांच्यासाठी आहे. उपकरणे आज स्वस्त आणि सहज मिळणारी आहेत, त्यामुळे जाळे उभे करणे फारसे अवघड राहिलेले नाही. खरी मेहनत दोन ठिकाणी लागते. सगळ्या सेन्सरांची घड्याळे एकमेकांशी जुळवून ठेवणे ही एक, आणि धडधाकट पूल वर्षभरात कसा वागतो याची नोंद धीराने करणे ही दुसरी. या दोन गोष्टींना लेखात अधिक जागा दिली आहे.

कंपन नेमके काय सांगते

गावातल्या एखाद्या साकवाच्या मध्यावर उभे राहून कठड्यावर तळहात ठेवावा. स्कूटर गेली की कठडा आधी एक झटका देतो आणि मग दोन-तीन सेकंद एका ठरावीक लयीत थरथरत राहतो. झटका स्कूटरचा असतो, मागे उरणारी लय साकवाची असते. स्कूटरऐवजी टेंपो गेला तर झटका मोठा बसेल, पण लय जवळजवळ तीच राहील. या लयीला नैसर्गिक वारंवारता म्हणतात आणि ती दोन गोष्टींवर ठरते : रचनेचा ताठरपणा आणि तिचे वस्तुमान. ताठरपणा घटला की वारंवारता उतरते, वस्तुमान वाढले तरीही ती उतरते.

हे नाते वर्गमुळाचे आहे. ताठरपणा १० टक्क्यांनी कमी झाला तर वारंवारता साधारण ५ टक्क्यांनीच उतरते, म्हणजे ३ हर्ट्झची २.८५ हर्ट्झ होते. मोठा बिघाड आकड्यात लहान दिसतो, म्हणून मोजमाप अचूक असावे लागते.

या पद्धतीची मर्यादाही येथेच सांगणे आवश्यक आहे. पूर्वताणित काँक्रीटच्या, म्हणजे आतल्या पोलादी केबली ताणून ठेवलेल्या, तुळईत त्या केबली गंजू लागल्या, तरी काँक्रीटला तडा जाईपर्यंत तुळईचा ताठरपणा फारसा बदलत नाही. त्यामुळे मांडवीवरील जुन्या पुलावर सेन्सर असते तर ते वेळीच सावध करू शकले असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. खांबाच्या पायाभोवतीची माती पुराने खरवडली जाते तेव्हा मात्र खांबाच्या आडव्या कंपनांची वारंवारता उतरते आणि तो बदल पकडता येतो. बेअरिंग (तुळई ज्यावर टेकते तो सरकता आधार) अडकणे, तुळईला तडे जाणे आणि केबलचा ताण सैल होणे हेही कंपनांतून दिसू शकते. गंजाचा शोध घेण्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत, आणि सेन्सर बसवले म्हणून त्या टाळू नयेत.

पहिली पायरी : प्रश्न ठरवा, परवानगी घ्या

"या पुलावर लक्ष ठेवायचे आहे" हा प्रश्न होऊ शकत नाही. "या तीस मीटर गाळ्याचा (दोन आधारांमधल्या भागाचा) ताठरपणा वर्षभरात बदलतो का", "या केबलमध्ये किती ताण आहे", "हा खांब पावसाळ्यानंतर पूर्वीसारखाच हलतो का" हे प्रश्न आहेत. सेन्सरांची संख्या, जागा, नोंदीचा कालावधी, सारे काही यांपैकी कोणता प्रश्न निवडला यावर ठरते.

नवशिक्यांनी सुरुवात ओहोळावरच्या लहान पदपुलापासून करावी. जुने गोवे येथील वारसावास्तूंचा मोह अनेकांना होतो. सेंट ऑगस्टिनचा ४६ मीटर उंचीचा मनोरा पाहिला, त्याच्या चर्चचे छत १८४२ मध्ये आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये कोसळला हे वाचले, की तेथेच मोजमाप करावेसे वाटते. पण जांभ्या दगडाच्या अशा मनोऱ्याची शांत वेळची कंपने अतिशय सूक्ष्म असतात, स्वस्त सेन्सरला ती दिसतच नाहीत, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय संरक्षित वास्तूला काहीही चिकटवता येत नाही. ते काम अनुभव आल्यावर करावे.

रस्त्यावरच्या पुलासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याची, लहान साकवासाठी त्याची देखभाल करणाऱ्या खात्याची किंवा पंचायतीची लेखी परवानगी घ्यावी. अर्जासोबत पेटीचे छायाचित्र आणि तिच्यावर लावायच्या नावफलकाचा मजकूर जोडावा. पुलाखाली चिकटवलेली, लुकलुकणारा दिवा असलेली अनोळखी पेटी पाहून कोणालाही शंका येणे साहजिक आहे.

दुसरी पायरी : आधी अंदाज, मग खरेदी

साध्या काँक्रीट पुलाच्या उभ्या कंपनांची पहिली, म्हणजे सर्वांत कमी, वारंवारता काढण्यासाठी एक ढोबळ नियम आहे : १०० ला गाळ्याच्या मीटरमधील लांबीने भागावे. ३० मीटर गाळ्यासाठी सुमारे ३.३ हर्ट्झ, २० मीटरसाठी ५ हर्ट्झ. प्रत्यक्ष आकडा यापासून बराच दूर असू शकतो, पण कोणत्या पट्ट्यात शोधायचे ते कळते.

त्यानंतर मोबाइल घेऊन पुलावर जावे. आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे विनामूल्य ॲप फोनमधल्या त्वरणमापकाची नोंद घेते. फोन गाळ्याच्या मध्यावर जमिनीवर सपाट ठेवावा, एका साथीदाराने दोन-तीनदा टाचेवर आदळून उभे राहावे, आणि मिळालेल्या नोंदीचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचे कंपन किती आहे याचा आलेख, पाहावा. पदपुलावर बहुधा पहिल्याच प्रयत्नात शिखर दिसते. ते १.६ ते २.४ हर्ट्झच्या दरम्यान असेल तर ही बाब लगेच नोंदवून ठेवावी, कारण माणसाच्या चालण्याची गती सेकंदाला सुमारे दोन पावले असते आणि असा पूल चालण्यानेच झुलू लागतो. आडव्या दिशेत हा धोका १ हर्ट्झच्या आसपास असतो. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडल्यावर लगेच बंद करावा लागला, तो अशाच आडव्या झुलण्यामुळे.

तिसरी पायरी : सेन्सर निवडणे

बिनतारी स्मार्ट सेन्सर म्हणजे एका पेटीतल्या चार वस्तू : त्वरणमापक, लहान संगणकीय चिप, रेडिओ आणि बॅटरी. अशा एका पेटीला नोड म्हणतात. "स्मार्ट" हा शब्द चिपसाठी आहे, म्हणजे नोंद जशीच्या तशी न पाठवता नोड तिच्यावर काही आकडेमोड स्वतःच करू शकतो.

त्वरणमापक विकत घेताना बहुतेक जण मोजण्याची कमाल मर्यादा पाहतात. पाहायला हवे त्याचे किमान. छंदासाठी सर्वत्र मिळणाऱ्या एडीएक्सएल ३४५ या चिपची सर्वांत लहान पायरी ३.९ मिली-जी आहे, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या हजाराव्या भागाच्या जवळजवळ चौपट. ट्रक जाताना काँक्रीटच्या पुलाचे कंपन काही मिली-जी इतकेच भरते आणि वाहन नसताना त्याहून कितीतरी कमी, त्यामुळे या चिपच्या आलेखात पुष्कळदा एक-दोन पायऱ्यांची उडी सोडून काहीच दिसत नाही. एडीएक्सएल ३५५ ही २० बिटांची चिप महाग आहे, पण तिचा अंगभूत गोंगाट दर हर्ट्झच्या वर्गमुळाला सुमारे २५ मायक्रो-जी आहे. ५० हर्ट्झच्या पट्ट्यात हा गोंगाट ०.१८ मिली-जी होतो, आणि पुलाच्या कामाला तो चालतो. माझे मत स्पष्ट आहे : दहा स्वस्त सेन्सर घेण्यापेक्षा चार चांगले घ्यावेत.

नमुने सेकंदाला १०० घेतले तरी पुलासाठी पुरतात, मात्र नमुने घेण्याआधी ५० हर्ट्झच्या वरची कंपने गाळणीने काढून टाकलेली हवीत. गाळणी नसेल तर ९४ हर्ट्झचे कंपन १०० नमुन्यांच्या नोंदीत ६ हर्ट्झचे बनून उभे राहते आणि ते पुलाचे नाही, हे नंतर कोणत्याही गणिताने ओळखता येत नाही.

पुलावर जाण्यापूर्वी सगळे सेन्सर एकाच जड फरशीवर शेजारी शेजारी घट्ट बसवून रात्रभर नोंद घ्यावी. सर्वांचे आलेख सारखे आले पाहिजेत. जो वेगळा येईल तो बाजूला काढावा.

चौथी पायरी : कोठे आणि कसे बसवायचे

प्रत्येक नैसर्गिक वारंवारतेला रचना एका ठरावीक आकारात हलते, त्या आकाराला कंपनरूप म्हणतात. दोन टोकांना टेकलेला गाळा पहिल्या कंपनरूपात मध्यावर सर्वाधिक हलतो. दुसऱ्या रूपात मात्र मध्य जागच्या जागी राहतो आणि दोन्ही बाजूंचे पाव भाग एकमेकांच्या उलट वर-खाली होतात. म्हणून केवळ मध्यावर बसवलेल्या सेन्सरला दुसरे रूप कधीच दिसत नाही. एका गाळ्यासाठी किमान मांडणी अशी असावी : पाव, मध्य आणि पाऊण लांबीवर, प्रत्येक ठिकाणी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे सहा सेन्सर. दोन्ही कडांना बसवल्यामुळे गाळा सरळ वाकतो आहे की पिळला जातो आहे हे वेगळे करता येते. सेन्सर कमी असतील तर एक जागच्या जागी ठेवून बाकीचे टप्प्याटप्प्याने हलवत न्यावेत आणि प्रत्येक टप्प्याची नोंद त्या स्थिर सेन्सरशी जोडावी.

बसवण्यात हयगय चालत नाही. लोखंडी तुळईला मजबूत चुंबक चालतो. काँक्रीटवर पृष्ठभाग घासून, पुसून, इपॉक्सीने ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवावी आणि तिच्यावर सेन्सर स्क्रूने आवळावा. फेसाची दुहेरी चिकटपट्टी कधीही वापरू नये, कारण ती स्वतःच स्प्रिंगसारखी वागते आणि दुपारच्या उन्हात मऊ पडते. प्रत्येक पेटीवर अक्षाची दिशा दाखवणारा बाण रंगाने काढावा आणि पेटीचे, आजूबाजूच्या जागेसह, छायाचित्र घ्यावे. तीन महिन्यांनी कोणता सेन्सर नदीच्या वरच्या अंगाला होता हे कोणालाही आठवत नाही.

पाचवी पायरी : घड्याळे जुळवणे

तारेने जोडलेल्या यंत्रणेत सगळे सेन्सर एकाच घड्याळावर चालतात. बिनतारी जाळ्यात प्रत्येक नोडचे घड्याळ वेगळे असते आणि कोणतीही दोन घड्याळे सारखी चालत नाहीत. घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० इतकी धरली आणि दोन नोडांची चूक उलट दिशेने असली, तर दहा मिनिटांत त्यांच्यात २४ मिलिसेकंदांचे अंतर पडते. कंपनाचा एक फेरा ३६० अंश धरला तर ३ हर्ट्झच्या कंपनासाठी हे जवळपास २६ अंश होतात, १० हर्ट्झसाठी ८६ अंश. म्हणजे वरच्या रूपांचा आकार पूर्णपणे बिघडतो.

सुरुवातीची चूक याहून घातक असते. फोंडा तालुक्यातील एका पुलावर आमच्या पहिल्या नोंदीत ३.१ हर्ट्झला स्वच्छ शिखर आले आणि दोन कडांचे सेन्सर एकमेकांच्या बरोबर उलट हलताना दिसले. गाळा पिळला जातो आहे असे आम्ही अहवालात लिहूनही टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर त्याच वारंवारतेला दोन्ही कडा एकत्र वर-खाली होत होत्या. पूल रातोरात बदलणे शक्य नव्हते. शोध घेतल्यावर कळले की "नोंद सुरू करा" हा रेडिओ संदेश एका नोडला सुमारे १६० मिलिसेकंद उशिरा मिळाला होता. ३.१ हर्ट्झच्या कंपनाचा अर्धा फेरा १६१ मिलिसेकंदांचा असतो. संदेशाच्या त्या उशिराने साधे वाकणे पीळ होऊन बसले होते. अहवाल मागे घ्यावा लागला.

यावरचे उपाय ठरलेले आहेत. मुख्य नोडने ठरावीक अंतराने वेळेचे संदेश सोडावेत, आणि ते पाठवल्याची व मिळाल्याची वेळ प्रोग्रामच्या वरच्या थरात न नोंदवता रेडिओ चिपच्या अगदी जवळच्या थरात नोंदवावी, कारण उशीर मधल्या रांगेत होतो. मोकळे आकाश असेल तेथे जीपीएसचा दर सेकंदाचा ठोका वापरता येतो, पण पुलाच्या पोटाखाली आकाश दिसत नाही. नोंदीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा घड्याळे ताडून पाहावीत आणि मधल्या चुकीप्रमाणे नमुने पुन्हा आखून घ्यावेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर बर्कली येथील संशोधकांनी ६४ नोडांचे जाळे बसवले होते. त्यात नमुने सेकंदाला १००० होते आणि वेळेतली हेलकाव्याची चूक १० मायक्रोसेकंदांच्या आत राखली होती. आपल्याला इतक्या अचूकतेची गरज नाही. दोन-तीन मिलिसेकंदांची हमी मिळाली तरी रस्त्यावरच्या नेहमीच्या पुलासाठी पुरे.

तपासणी मात्र प्रत्येक वेळी करावी आणि तिला काही खर्च येत नाही. सगळे सेन्सर एका फळीवर ठेवून फळीला लाकडी ठोकळ्याने एकदा ठोकावे, मग ते पुलावर बसवावेत, नोंद पूर्ण करावी, काढून पुन्हा त्याच फळीवर ठोकावे, आणि हे सारे होईपर्यंत नोडांची घड्याळे बंद करू नयेत. दोन्ही ठोक्यांची टोके सर्व आलेखांत एका रेषेत आली तरच मधली नोंद स्वीकारावी.

सहावी पायरी : माहिती पाठवायची की नोडवरच गणित करायचे

तीन अक्ष, प्रत्येक नमुन्याचे तीन बाइट आणि सेकंदाला १०० नमुने म्हणजे एका नोडमधून सेकंदाला ९०० बाइट निघतात. तासाला ही नोंद सव्वातीन मेगाबाइट होते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालणारा लोरा रेडिओ दूरवर पोहोचतो, म्हणून नवशिक्यांना तो आवडतो, परंतु त्याचा वेग एवढ्या कच्च्या नोंदीला अपुरा पडतो. २.४ गिगाहर्ट्झचे झिगबी किंवा वाय-फाय नोंद वाहून नेऊ शकते, पण त्याची पोच कमी आणि बॅटरीचा खर्च अधिक. गोल्डन गेटवर नोंद एका नोडकडून दुसऱ्याकडे अशी ४६ उड्या घेत शेवटच्या संगणकापर्यंत जात होती, आणि कच्ची नोंद गोळा करायला फार वेळ लागत असे.

त्यामुळे नोडने स्वतःच वर्णपट काढावा आणि फक्त शिखरांच्या वारंवारता, त्यांची उंची आणि तापमान एवढेच पाठवावे, हा मार्ग पुढे आला. दक्षिण कोरियातील जिंदो या केबलच्या पुलावर २००९ मध्ये ७० नोड बसवले आणि पुढच्या वर्षी ती संख्या ११३ वर नेली. त्या कामात शेजारच्या नोडांचे गट करून गणित गटातच उरकण्याची पद्धत वापरून पाहिली गेली. आपल्या सहा नोडांसाठी मी मधला मार्ग सुचवतो : कच्ची नोंद नोडमधल्या मेमरी कार्डावर राहू द्यावी, रोजचा सारांश रेडिओने यावा, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन कार्डे उतरवून आणावीत. पहिल्या वर्षी कच्ची नोंद फेकून देऊ नये. सारांश संशयास्पद वाटला की तीच कामी येते.

खाडीवरच्या पुलाखाली आणखी एक गोष्ट घडते. रेडिओच्या लहरी पाण्यावरून परावर्तित होतात, आणि भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलली की तोच दुवा कधी चांगला चालतो, कधी तुटतो. सकाळी ओहोटीला चाचणी घेऊन समाधान मानू नये, पूर्ण भरतीलाही ती घ्यावी.

सातवी पायरी : वीज, पेटी आणि पावसाळा

सतत जागा राहणारा नोड ८० मिलिअँपिअर घेतो असे धरल्यास दिवसाला १९२० मिलिअँपिअर-तास लागतात आणि ५२०० ची बॅटरी तीन दिवसही टिकत नाही. तोच नोड दर चार तासांनी २० मिनिटे जागवला आणि एरवी १ मिलिअँपिअरवर झोपवला तर दिवसाचा खर्च सुमारे १८२ होतो. बॅटरीचा ७० टक्के भागच वापरायचा ठरवला तरी २० दिवस निघतात. सौरपट्टीने यात भर पडते. मात्र जून ते सप्टेंबर आकाश भरलेले असते, आणि साकवाच्या काठावर माडांच्या झावळ्यांची सावली वर्षभर असते. पट्टीचा हिशेब मे महिन्याच्या उन्हावर न करता जुलैच्या ढगांवर करावा.

पेटी आयपी ६७ दर्जाची, स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पोलादाचे, सर्किटवर संरक्षक लेप आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढे किनारपट्टीवर किमान लागते. तारा पेटीत खालच्या बाजूने आणाव्यात आणि आत शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून बाहेरच ठिबकते. एका गणेशचतुर्थीनंतर आम्ही एक पेटी उघडली तेव्हा वायुवीजनाचे छिद्र कुंभारीण माशीने मातीने बंद केले होते. आत बाष्प साचून जोडणीच्या पिनांवर हिरवट थर चढला होता, आणि त्या नोडच्या आलेखात ऑगस्टपासून गोंगाट वाढत गेल्याचे नंतर लक्षात आले. तेव्हापासून छिद्रांना बारीक जाळी लावतो आणि बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर पेटीतली आर्द्रताही नोंदवतो.

आठवी पायरी : नोंद आणि वर्णपट

नोंद किती वेळ घ्यावी याचा नियम असा की सर्वांत संथ कंपनाचे एक ते दोन हजार फेरे तरी नोंदीत यावेत. ३ हर्ट्झच्या गाळ्याला त्यासाठी साधारण ११ मिनिटे पुरतात. ०.३ हर्ट्झने डुलणाऱ्या लांब केबलच्या पुलाला जवळपास दोन तास लागतात. नोंदीचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वर्णपट काढावा आणि त्यांची सरासरी घ्यावी. सर्व सेन्सरांचे वर्णपट एकत्र हाताळून कंपनरूपे वेगळी करणारी, वारंवारता-क्षेत्रातील विघटनाची पद्धत पायथनच्या विनामूल्य संचांत उपलब्ध आहे. ती नंतर शिकावी. आधी शिखरे डोळ्यांनी ओळखायला शिकावे.

प्रत्येक शिखर पुलाचे नसते. पुलाचे शिखर थोडे बसके, दोन्ही बाजूंना उतरते असते, कारण पुलात अवमंदन, म्हणजे कंपन हळूहळू विझवण्याचा गुण, असते. सुईसारखे टोकदार, दिवस-रात्र जागेवरून न हलणारे शिखर बहुधा यंत्राचे असते. मिनिटाला १५०० फेरे घेणारा जनित्र संच २५ हर्ट्झला असे शिखर देतो. जवळून जाणाऱ्या बार्जचे किंवा फेरीबोटीचे इंजिन शिखर देते, पण ते बोटीबरोबर येते आणि जाते.

केबलच्या बाबतीत वारंवारतेवरून थेट ताण काढता येतो : दर मीटरचे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग गुणिले पहिल्या वारंवारतेचा वर्ग, या सर्वाची चौपट. मीटरला ६० किलो वजनाची, १०० मीटर लांब केबल १.१ हर्ट्झने हलत असेल तर ताण सुमारे २९ लाख न्यूटन, म्हणजे जवळजवळ २९६ टन होतो. येथे वर्ग असल्यामुळे वारंवारतेतली १ टक्का चूक ताणात २ टक्के होते. जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला मांडवीवरील अटल सेतू आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला भाग खुला झालेला झुआरीवरील नवा पूल हे दोन्ही केबलचे आहेत, तेव्हा हे सूत्र गोव्यातल्या विद्यार्थ्याने हाताशी ठेवावे. जाड आणि आखूड केबलींना मात्र ते जसेच्या तसे लावू नये, कारण त्यांचा स्वतःचा वाकण्याचा ताठरपणाही मोजमापात येतो.

नववी पायरी : पहिले वर्ष

स्वित्झर्लंडमधील झेड २४ हा पूल पाडण्यापूर्वी त्याची कंपने जवळपास वर्षभर मोजली गेली. कोणतेही नुकसान केलेले नसताना त्याच्या वारंवारता केवळ हवामानामुळे १४ ते १८ टक्क्यांनी बदलल्या, कारण थंडीत डांबराचा थर गोठून ताठर होत असे. गोव्यात डांबर गोठत नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी तेच डांबर मऊ होते, प्रसरण सांधे मिटत येतात, आणि पावसाळ्यात काँक्रीट पाणी शोषून जड होते. यातली प्रत्येक गोष्ट वारंवारता थोडी थोडी हलवते. चतुर्थीच्या दिवसांत पुलावर गाड्या खोळंबल्या तर त्यांच्या वजनानेही ती किंचित उतरते.

म्हणून वारंवारतेच्या प्रत्येक आकड्याशेजारी गाळ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे तापमान, पाऊस आणि शक्य असल्यास पाण्याची पातळी लिहावी. वर्ष पूर्ण झाले की वारंवारता विरुद्ध तापमान असा ठिपक्यांचा आलेख काढावा. ठिपके एका तिरप्या पट्ट्यात पडतील. त्या पट्ट्याची रुंदी हीच आपल्या मोजमापाची खरी ताकद आहे : पट्टा १ टक्का रुंद असेल तर त्याहून लहान बदलाबद्दल आपण काहीही बोलू शकत नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय धोक्याची मर्यादा ठरवू नये. घाईने ठरवलेली मर्यादा जूनच्या पहिल्या आठवड्यातच खोटी सूचना देते, आणि दोन-तीन खोट्या सूचनांनंतर संबंधित अधिकारी तुमचे संदेश उघडणे बंद करतात.

आकडा पट्ट्याबाहेर गेला तर

प्रथम सेन्सर पाहावा. पट्टी सुटली आहे का, पेटीत पाणी आहे का, घड्याळ जुळलेले आहे का. मग शेजारचे नोड तोच बदल दाखवतात का हे तपासावे. एकच नोड ओरडत असेल तर दोष बहुधा नोडमध्येच असतो.

त्यानंतर पुलावर कोणते काम झाले हे विचारावे. ८ मीटर रुंद रस्त्यावर ५० मिलिमीटर डांबराचा नवा थर चढवला तर दर मीटरला सुमारे ९२० किलो वजन वाढते. गाळ्याचे मूळ वजन मीटरला १२ टन असेल तर एवढ्यानेच वारंवारता साडेतीन टक्क्यांनी उतरते, आणि पूल मात्र जसाच्या तसा असतो. पुलाला टांगलेली नवी जलवाहिनीही असेच करते.

हे सारे तपासूनही उतार कायम राहिला आणि तो आठवडाभराच्या नोंदीत टिकला, तर खात्याला लेखी कळवावे. कळवताना फक्त टक्केवारी देऊ नये. कोणत्या तारखेपासून, कोणत्या गाळ्यात, कोणत्या कंपनरूपात, तापमानाचा परिणाम वजा करून किती, आणि पट्ट्याची रुंदी किती होती, हे एका पानात लिहावे आणि त्या गाळ्याची बेअरिंगे, तुळईचा तळ आणि खांबाचा पाण्यातला भाग जवळून पाहण्याची विनंती करावी. ओहोटीची वेळ त्याच पानावर लिहून द्यावी, म्हणजे पाहणीसाठी होडी केव्हा काढायची हे त्यांना ठरवता येते.